मुका मार ते फ्रॅक्चर : दुखापतींची इंग्रजी शब्दसंपदा

मराठी माणसाला घरात दुखापत सांगण्यासाठी एक क्रियापद बहुधा पुरते. ‘पडला आणि लागले’ एवढे म्हटले की ऐकणारा उरलेले डोळ्यांनी पाहून घेतो. मात्र हीच दुखापत रुग्णालयाच्या केसपेपरवर, विम्याच्या अर्जात, इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या डायरीत किंवा परदेशातील आपत्कालीन क्रमांकावर सांगण्याची वेळ येते तेव्हा ‘लागणे’ अपुरे ठरते. तेथे समोरच्याला जखम दिसत नसते, दिसतो तो फक्त शब्द. त्या शब्दावरून उपचारांची दिशा ठरते, विम्याचा दावा तपासला जातो आणि प्रकरण मारामारीचे असेल तर कायद्याचे कलमही ठरते. त्यामुळे नेहमीच्या शारीरिक दुखापतींची इंग्रजी नावे अचूक माहीत असणे ही केवळ भाषेची हौस नाही, ती व्यवहारातील निकड आहे.

‘हर्ट’, ‘इंज्युरी’ आणि ‘वूंड’

हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण त्यांच्या अर्थांत फरक आहे. ‘हर्ट’ हा बोलीतला, सर्वांत व्यापक शब्द. तो शरीराला लागतो तसा मनालाही लागतो. मराठीतल्या ‘लागणे’ आणि ‘दुखावणे’ या दोन्हींचे काम तो करतो. ‘इंज्युरी’ म्हणजे दुखापत किंवा इजा. अपघात, खेळ आणि कामाच्या ठिकाणचे प्रसंग यांसाठी हा औपचारिक शब्द योग्य. त्याचे मूळ लॅटिन भाषेत आहे आणि तेथे त्याचा अर्थ ‘न्यायाच्या विरुद्ध असलेले कृत्य’ असा होता. भारतीय कायद्यातही हा व्यापक अर्थ टिकून आहे. शरीर, मन, लौकिक किंवा मालमत्ता यांपैकी कशालाही बेकायदा पोचवलेली हानी ही कायद्याच्या भाषेत ‘इंज्युरी’ असते.

‘वूंड’ म्हणजे जखम. सर्वसाधारण बोलण्यात जेथे कातडी फाटली, चिरली किंवा भोसकली गेली आहे, तेथेच हा शब्द वापरतात. पाय मुरगळला तर ती ‘इंज्युरी’ आहे, ‘वूंड’ नाही. उच्चाराकडेही लक्ष द्यावे. जखम या अर्थी उच्चार ‘वूंड’ होतो. त्याच अक्षरांचा ‘वाउंड’ हा उच्चार घड्याळाला किल्ली देणे किंवा गुंडाळणे या क्रियापदाच्या भूतकाळासाठी असतो. डॉक्टरांच्या तोंडी वारंवार येणारा ‘ट्रॉमा’ हा मूळ ग्रीक शब्द, त्याचाही अर्थ जखम. ‘ट्रॉमा सेंटर’ म्हणजे गंभीर अपघाती दुखापतींवर उपचार करणारे केंद्र. मानसिक आघात हा त्या शब्दाला पुढे मिळालेला अर्थ.

खरचटण्यापासून खोकेपर्यंत

कातडीला ओरखडा उठला तर ‘स्क्रॅच’. रस्त्यावर घसरून गुडघा किंवा कोपर खरचटले तर बोलीत ‘ग्रेझ’ किंवा ‘स्क्रेप’ आणि वैद्यकीय कागदावर ‘अब्रेजन’. दाढीच्या ‘रेझर’चे आणि ‘अब्रेजन’चे लॅटिन मूळ एकच आहे, ‘खरवडणे’. सुरीने बोट कापले तर ‘कट’. तोच काप लांब आणि खोल असेल तर ‘गॅश’, म्हणजे मराठीतील खोक. खिळा, सुई किंवा काटा आत घुसला तर ‘पंक्चर वूंड’. ही जखम वरून बारीक दिसते, पण खोल असते आणि आतून धुता येत नाही. म्हणून धनुर्वाताच्या, म्हणजे ‘टेटनस’च्या दृष्टीने तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. लाकडाची बारीक कूस बोटात गेली तर ती ‘स्प्लिंटर’. नव्या चपलेने पायाला आलेला पाण्याचा फोड म्हणजे ‘ब्लिस्टर’. जखम सुकताना धरते ती खपली ‘स्कॅब’ आणि ती पडल्यावर मागे उरतो तो व्रण ‘स्कार’.

या गटातील ‘लॅसरेशन’ हा शब्द सर्वांत फसवा आहे. रोजच्या बोलण्यात, आणि कित्येकदा रुग्णालयातही, कोणत्याही कापलेल्या जखमेला ‘लॅसरेशन’ म्हटले जाते. न्यायवैद्यकाच्या काटेकोर भाषेत मात्र ‘लॅसरेशन’ म्हणजे बोथट आघाताने फाटलेली जखम. तिच्या कडा वेड्यावाकड्या असतात. धारदार शस्त्राने झालेल्या, सरळ कडांच्या जखमेला ‘इन्साइज्ड वूंड’ म्हणतात. काठी मारली की सुरी चालवली, हा प्रश्न न्यायालयात उभा राहतो तेव्हा या दोन शब्दांतील अंतर फार मोठे होते. डोक्याच्या कातडीखाली लगेच हाड असल्यामुळे तेथे काठीच्या फटक्यानेही सुरीने कापल्यासारखी सरळ जखम होऊ शकते. म्हणून अशी जखम तपासताना डॉक्टर तिच्या कडा आणि केस बारकाईने पाहतात.

मुका मार

बाहेर रक्त नाही, पण आत ठणकते आणि कातडी काळीनिळी पडते, तो मुका मार. इंग्रजी बोलीत त्याला ‘ब्रूझ’ आणि वैद्यकीय कागदावर ‘कन्ट्यूजन’ म्हणतात. कातडीखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटून रक्त पसरते. त्या रक्तातील हिमोग्लोबिनचे विघटन होत जाते तसा डागाचा रंग लाल-जांभळ्यापासून हिरवट आणि पुढे पिवळसर होत जातो. रक्त एका जागी साकळून गाठ झाली तर ती ‘हिमॅटोमा’. दाराच्या चौकटीवर डोके आपटून आलेले टेंगूळ म्हणजे ‘बम्प’. डोळ्याभोवती मार लागून तो काळा पडला तर ‘ब्लॅक आय’; त्याचा डोळ्याच्या बुबुळाच्या रंगाशी संबंध नाही. नुसती सूज म्हणजे ‘स्वेलिंग’.

मुरगळणे, लचकणे, निखळणे

‘स्प्रेन’ आणि ‘स्ट्रेन’ या जोडीत सुशिक्षितांचाही गोंधळ होतो. दोन हाडांना सांध्यात बांधून ठेवणारे अस्थिबंध, म्हणजे ‘लिगामेंट’, ताणले किंवा फाटले तर ‘स्प्रेन’. घोटा मुरगळणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. स्नायू किंवा स्नायूला हाडाशी जोडणारा ‘टेंडन’ ताणला गेला तर ‘स्ट्रेन’. वजन उचलताना कंबरेत उसण भरते किंवा धावताना मांडीची मागची शीर ओढली जाते ती या प्रकारात मोडते. क्रिकेटच्या बातम्यांतील ‘हॅमस्ट्रिंग’ म्हणजे मांडीच्या मागच्या भागातील हेच स्नायू. लक्षात ठेवण्याची सोपी खूण अशी : ‘स्ट्रेन’मधला ट ‘टेंडन’चा.

पोटरीत गोळा येतो तो ‘क्रॅम्प’. त्यात काही फाटलेले नसते, स्नायू आखडलेला असतो. सांध्यातून हाड जागचे सरकले तर ‘डिसलोकेशन’, म्हणजे निखळणे. खांदा निखळणे हा यातील सर्वांत परिचित प्रकार. एकाच हालचालीचा अतिरेक झाल्याने कोपराबाहेरचे टेंडन दुखू लागतात, त्याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. सचिन तेंडुलकरला २००४ मध्ये या दुखण्याने ग्रासले आणि २००५ मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. एरवी डॉक्टरांच्या दवाखान्यापुरता असलेला हा शब्द त्या काळात मराठी घरांत पोचला.

‘फ्रॅक्चर नाही, फक्त क्रॅक आहे’

हाडाच्या दुखापतीबाबत हे वाक्य हमखास ऐकू येते आणि ते चुकीचे आहे. हाडाला गेलेला बारीकसा तडासुद्धा वैद्यकीय भाषेत ‘फ्रॅक्चर’च असतो, त्याचे नाव ‘हेअरलाइन फ्रॅक्चर’. ‘ब्रेक’ हा बोलीतला आणि ‘फ्रॅक्चर’ हा वैद्यकीय शब्द. दोन्हींचा अर्थ एकच, त्यांत कमी-अधिक गांभीर्याचा फरक नाही. ‘फक्त क्रॅक’ म्हणून प्लास्टर लवकर काढून टाकणे, त्या पायावर भार देणे किंवा विम्याच्या अर्जात फ्रॅक्चर नसल्याचे लिहिणे या तीनही गोष्टी महागात पडू शकतात.

‘सिंपल फ्रॅक्चर’ हाही असाच फसवा शब्द. ‘सिंपल’ म्हणजे किरकोळ असे येथे अभिप्रेत नाही, तर मोडलेल्या जागी कातडीला जखम नाही एवढाच अर्थ आहे. जखम होऊन मोडलेल्या जागेचा बाहेरच्या हवेशी संबंध आला तर ‘कम्पाउंड फ्रॅक्चर’. त्यात जंतुसंसर्गाचा धोका मोठा असतो. या दोन शब्दांऐवजी ‘क्लोज्ड’ आणि ‘ओपन’ हे अधिक स्पष्ट शब्द आता रूढ आहेत. हाडाचे अनेक तुकडे झाले तर ‘कॉमिन्यूटेड’. लहान मुलांची हाडे लवचिक असतात. ओली फांदी वाकवल्यावर ती एका बाजूने चिरते आणि दुसऱ्या बाजूने नुसती वाकते, तसे त्यांच्या हाडांचे होते. म्हणून त्याला ‘ग्रीनस्टिक फ्रॅक्चर’ असे समर्पक नाव आहे. पडताना हात टेकल्याने मनगटाजवळ होणाऱ्या फ्रॅक्चरला ‘कोलीज फ्रॅक्चर’ म्हणतात. अब्राहम कोलीज या आयरिश शल्यविशारदाने १८१४ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वी आठ दशके, त्याचे वर्णन केले होते.

येथे ‘प्लास्टर’ या शब्दाचाही खुलासा हवा. महाराष्ट्रात ‘प्लास्टर घातले’ म्हणजे हाड मोडले असे समजले जाते. ब्रिटनमध्ये मात्र नुसते ‘प्लास्टर’ म्हटले तर किरकोळ जखमेवर लावायची चिकटपट्टी असा अर्थ घेतला जाऊ शकतो. अमेरिकेत त्या पट्टीला ‘बँड-एड’ म्हणतात. हे मूळचे १९२० च्या सुमारास तयार झालेल्या उत्पादनाचे व्यापारी नाव. हाडाच्या प्लास्टरसाठी दोन्हीकडे समजेल असा शब्द ‘कास्ट’. हात गळ्यात अडकवायची झोळी ‘स्लिंग’, आधाराची पट्टी किंवा फळी ‘स्प्लिंट’ आणि कुबड्या ‘क्रचेस’. जखमेला घातलेले टाके ‘स्टिचेस’.

भाजणे आणि पोळणे

मराठीत तव्याने बोट भाजते आणि गरम चहाने जीभ पोळते. इंग्रजीतही असाच भेद आहे. आग, तवा, इस्त्री, वीज किंवा रसायन यांनी होते ते ‘बर्न’. उकळते पाणी किंवा वाफ यांनी होते ते ‘स्कॉल्ड’. भाजण्याच्या ‘डिग्री’चा क्रम नीट समजून घ्यावा. ‘थर्ड क्लास’ या प्रयोगाच्या सवयीने ‘थर्ड डिग्री’ हा खालचा, म्हणजे किरकोळ प्रकार वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती उलट आहे. ‘फर्स्ट डिग्री’त कातडी फक्त लाल होते, ‘सेकंड डिग्री’त फोड येतात आणि ‘थर्ड डिग्री’त कातडीची पूर्ण जाडी जळते. त्या वेळी मज्जातंतूही नष्ट झाल्याने त्या भागात वेदना जवळजवळ नसतात. वेदना नाही म्हणून भाजणे किरकोळ, हा निष्कर्ष येथे जिवावर बेतू शकतो.

‘किती टक्के भाजले’ याचे उत्तर डॉक्टर ‘रूल ऑफ नाइन्स’ने काढतात. प्रौढ व्यक्तीचे डोके व मान ९ टक्के, प्रत्येक हात ९ टक्के, प्रत्येक पाय १८ टक्के, धडाची पुढची बाजू १८ व मागची १८ टक्के आणि जननेंद्रियांचा भाग १ टक्का. लहान मुलांत डोके तुलनेने मोठे असल्याने हे प्रमाण बदलते. भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट, शाई किंवा बर्फ लावू नये. ती जागा वाहत्या गार पाण्याखाली सुमारे २० मिनिटे धरावी.

डोक्याला मार

‘हेड इंज्युरी’ ही व्यापक संज्ञा आहे. तिच्यात ‘कन्कशन’, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, हा शब्द महत्त्वाचा. कन्कशनसाठी बेशुद्ध व्हावेच लागते असे नाही. डोकेदुखी, गरगरणे, ओकारी, गोंधळल्यासारखे वागणे, घडलेला प्रसंग न आठवणे ही त्याची लक्षणे. क्रिकेटने या दुखापतीची दखल उशिरा घेतली. १९६२ मध्ये बार्बाडोस येथे नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या कवटीला चेंडू लागून फ्रॅक्चर झाले आणि त्यांची कसोटी कारकीर्द संपली. ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये ‘कन्कशन सब्स्टिट्यूट’ची मुभा मिळाली आणि त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन हा कसोटीतील असा पहिला बदली खेळाडू ठरला.

चावा, ओरखडा आणि डंख

दाताने होतो तो ‘बाइट’, नांगीने होतो तो ‘स्टिंग’. कुत्रा, साप, डास यांचा ‘बाइट’. मधमाशी, गांधीलमाशी, विंचू यांचा ‘स्टिंग’. कुत्र्याच्या बाबतीत शब्दांची अचूकता थेट उपचारांशी जोडलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत अखंड कातडीला कुत्र्याने नुसते चाटणे हा पहिला वर्ग. रक्त न आलेला किरकोळ ओरखडा हा दुसरा वर्ग, त्यात रेबीजची लस आवश्यक ठरते. दात किंवा नख कातडी भेदून आत गेले असेल तर तो तिसरा वर्ग. त्यात लसीसोबत ‘इम्युनोग्लोब्युलिन’ही द्यावे लागते. म्हणून ‘नुसता स्क्रॅच आहे’ असे सांगण्याआधी रक्त आले होते का, हे आठवून सांगावे. जखम साबण आणि पाण्याने १५ मिनिटे धुणे हा तीनही वर्गांतील पहिला उपचार आहे.

हात म्हणजे ‘हँड’ की ‘आर्म’?

दुखापतीचे नाव अचूक आले तरी जागा चुकली तर वर्णन फसते. मराठीतील ‘हात’ खांद्यापासून बोटांपर्यंत पसरलेला आहे. इंग्रजीत मनगटाच्या वर ‘आर्म’ आणि मनगटापासून पुढे ‘हँड’. त्या ‘हँड’मध्ये २७ हाडे असतात. तसेच ‘पाय’ म्हणजे घोट्याच्या वर ‘लेग’ आणि घोट्याखाली ‘फूट’. हाताचे बोट ‘फिंगर’, पायाचे बोट ‘टो’. ठेच लागते ती ‘टो’ला. मराठीत कंबर दुखते तेव्हा इंग्रजीत ‘वेस्ट’ दुखत नाही, ‘लोअर बॅक’ दुखते. याखेरीज नडगी ‘शिन’, पोटरी ‘काफ’, घोटा ‘अँकल’, टाच ‘हील’, तळपाय ‘सोल’, मनगट ‘रिस्ट’, कोपर ‘एल्बो’ आणि बरगडी ‘रिब’ एवढी नावे पाठ असली तर बहुतेक प्रसंग निभावतात.

वेदनेचे शब्द

कोणत्या तऱ्हेने दुखते, हा डॉक्टरांचा ठरलेला प्रश्न. वेदनेचे वर्णन निदानाला उपयोगी पडते म्हणून रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये तयार केलेल्या प्रश्नावलीत अशी ७८ विशेषणे २० गटांत मांडली आहेत. मराठी या बाबतीत मुळीच दरिद्री नाही, फक्त जोडी जुळवता यायला हवी. ठसठसणे म्हणजे ‘थ्रॉबिंग’, जळजळ ‘बर्निंग’, चुरचुरणे किंवा झोंबणे ‘स्टिंगिंग’, भोसकल्यासारखी कळ ‘स्टॅबिंग’, सतत मंद दुखणे ‘डल एक’. हात लावताच दुखते, हुळहुळते, तो भाग ‘टेंडर’. मुंग्या येणे ‘टिंगलिंग’, बधिर होणे ‘नम्ब’ आणि आखडणे ‘स्टिफ’.

मी हात मोडला?

‘माझा हात मोडला’ याचे सहज इंग्रजी ‘आय ब्रोक माय आर्म’ असे आहे. मराठी कानाला यात माणसाने जाणूनबुजून स्वतःचा हात मोडल्यासारखे वाटते. पण इंग्रजीत तो अर्थ निघत नाही. त्याच धर्तीवर ‘आय कट माय फिंगर’, ‘आय ट्विस्टेड माय अँकल’, ‘शी बम्प्ड हर हेड’ अशी वाक्ये होतात. अवयवाआधी ‘माय’, ‘हिज’, ‘हर’ हे शब्द गाळू नयेत. ‘माय लेग इज पेनिंग’ ही भारतात सर्रास आढळणारी रचना प्रमाण इंग्रजीत बसत नाही. ‘माय लेग हर्ट्स’ म्हणावे. ‘हर्ट’ आणि ‘कट’ यांची तीनही रूपे सारखीच राहतात, तर ‘ब्रेक’चे ‘ब्रोक’ व ‘ब्रोकन’, ‘बाइट’चे ‘बिट’ व ‘बिटन’ आणि ‘स्टिंग’चे ‘स्टंग’ होते. दुचाकीवरून पडला हे ‘फेल ऑफ द बाइक’, जिन्यावरून पडला हे ‘फेल डाउन द स्टेअर्स’. पाय घसरला तर ‘स्लिप्ड’, अडखळून पडला तर ‘ट्रिप्ड’.

कायद्याच्या वजनकाट्यावर

मारहाणीच्या प्रकरणात वैद्यकीय अहवालातील शब्दांवरून गुन्ह्याची तीव्रता ठरते. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ११४ मध्ये ‘हर्ट’ची आणि कलम ११६ मध्ये ‘ग्रीव्हस हर्ट’ची, म्हणजे जबर दुखापतीची व्याख्या आहे. हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे, डोळ्याची दृष्टी किंवा कानाची श्रवणशक्ती कायमची जाणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे हे प्रकार ‘ग्रीव्हस’ ठरतात. ज्या दुखापतीने माणूस १५ दिवस तीव्र वेदनेत राहतो किंवा नेहमीचे व्यवहार करू शकत नाही, तीही यातच येते. जुन्या भारतीय दंड संहितेत ही मुदत २० दिवसांची होती. स्वेच्छेने साधी दुखापत केल्यास सर्वसाधारणपणे एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो, तर जबर दुखापतीला तो सात वर्षांपर्यंत होऊ शकतो. ‘फक्त क्रॅक’ला फ्रॅक्चर म्हणायचे की नाही, याचे खरे वजन येथे कळते.

फोनवर सांगताना

भारतात ११२ हा एकत्रित आपत्कालीन क्रमांक आहे आणि महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८. अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९. कोठेही बोलताना क्रम एकच ठेवावा : ठिकाण कोणते, काय घडले, कोणत्या अवयवाला, रक्त वाहत आहे का, शुद्ध आहे का, श्वास चालू आहे का. रक्त वाहत असेल तर ‘ब्लीडिंग’. ते थांबत नसेल तर ‘ब्लीडिंग हेविली’. शुद्ध हरपली असेल तर ‘अनकॉन्शस’. थोडा वेळ भोवळ येऊन माणूस सावरला असेल तर ‘फेंटेड’. नेमका वैद्यकीय शब्द सुचला नाही तर अडून बसू नये. ‘कन्ट्यूजन’ आठवेना तर ‘ब्रूझ’ चालतो आणि तोही आठवेना तर काय दिसते ते साध्या शब्दांत सांगावे. अंदाजाने वापरलेल्या भारदस्त शब्दापेक्षा असे साधे वर्णन डॉक्टरांच्या अधिक उपयोगी पडते.